आजाराच्या ग्रुपमध्ये विचारताना आणि सांगताना

डॉक्टर औषध देतात, किती वेळा घ्यायचं ते सांगतात, पुढची तारीख देतात. पण त्या औषधाने सुरुवातीला तोंडाची चव जाते आणि मग हळूहळू परत येते, एमआरआयच्या मशीनमध्ये आवाज किती होतो, रात्री तीनला जाग आली की वेळ कसा काढायचा, हे सांगणारं माणूस तेच, जे त्यातून गेलंय. रुग्णांचे ग्रुप टिकतात ते यावर. बिघडतातही यावरच, कारण ‘मला असं झालं’ म्हणता म्हणता माणूस ‘तुम्हीही असंच करा’वर कधी येतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

एएलएस या आजाराच्या रुग्णांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. यात स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. २००८ साली इटलीतल्या संशोधकांनी मोजक्या रुग्णांवरच्या अभ्यासातून लिथियमने हा आजार मंदावतो असं प्रसिद्ध केलं. ‘पेशंट्सलाइकमी’ या ऑनलाइन समूहातल्या शंभराहून जास्त रुग्णांनी मग लिथियम घेतलं आणि आपापल्या नोंदी समूहात ठेवल्या: सुरू केल्याची तारीख, डोस, हालचालींमध्ये पडत गेलेला फरक. २०११ मध्ये त्या नोंदींची तुलना लिथियम न घेतलेल्या, पण आजार साधारण तसाच पुढे सरकत असलेल्या रुग्णांशी केली गेली. फायदा काहीच दिसला नाही. नंतरच्या रीतसर चाचण्यांनीही तेच सांगितलं. त्या रुग्णांनी नुसतं ‘मला बरं वाटतंय’ एवढंच लिहिलं असतं, तर आजही कुणीतरी कुणाला लिथियम सुचवत बसलं असतं.

म्हणून मी ग्रुपमध्ये येणाऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. आपला अनुभव इतका नेमका सांगा, की तो आपल्याला लागू पडतो का हे समोरच्याला ठरवता येईल. आणि काय करायचं ते त्याला त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू द्या. खालचं सगळं यातूनच आलेलं आहे.

आधी नुसतं वाचा

आल्या आल्या लिहायची घाई नको. नियम वाचा, वर लावून ठेवलेला मेसेज वाचा, आपल्या आजाराचं किंवा औषधाचं नाव टाकून मागे काय बोलणं झालंय ते शोधा. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच असतात.

वाचताना मुख्यतः हे पाहायचं की ही माणसं आपल्याच आजाराची आहेत का. एकाच नावाखाली वेगळे आजार नांदतात. टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. इन्सुलिन थांबलं तर कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन जिवावर बेतू शकतं. टाइप २ चा एखादा माणूस वजन उतरवून औषधं कमी झाल्याचं आनंदाने लिहितो, ते त्याच्यापुरतं खरंही असतं. पण तेच टाइप १ च्या मुलाच्या आईने वाचलं आणि करून पाहिलं, तर? सांधेदुखीतही झिजेमुळे होणारा संधिवात आणि रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा संधिवात यांची औषधं निराळी असतात.

आणखी एक पाहा: ग्रुप फक्त रुग्णांचा आहे, की त्यांची काळजी घेणारेही त्यात आहेत? दोघं एकत्र असतील, तर ‘यांचं करून करून मी थकले’ हे वाक्य कुणीतरी अंथरुणावर पडून वाचत असतं. काळजी घेणाऱ्यांनाही थकवा बोलून दाखवायचा हक्क आहेच. त्यासाठी वेगळा गट असेल तर तिथे बोला.

जे ग्रुपवर विचारूच नये

छातीत दाब, श्वास लागणं, तोंड एकीकडे ओढलं जाणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, न थांबणारा रक्तस्राव, फिट थांबत नसणं. यांतलं काहीही असेल तर आधी ॲम्ब्युलन्स, ग्रुप नंतर. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातला एक तास ‘कुणाला असं झालंय का?’च्या उत्तरांची वाट पाहण्यात गेला, तर तो भरून निघत नाही.

असा मेसेज दुसऱ्या कुणी टाकलेला दिसला, तर उत्तर एकाच ओळीचं: आत्ता लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. त्याखाली कारणांची चर्चा नको, ‘गॅस असेल’ तर मुळीच नको.

दुसरा प्रकार निदानाचा. ‘ही गाठ कॅन्सरची असेल का?’ याचं उत्तर ग्रुपमधल्या कुणाकडेच नसतं. अंगावरच्या चट्ट्याचा फोटो टाकून वीस जणांची मतं घेतली, तर वीस नावं हाती येतात. पण ‘बायॉप्सीला किती वेळ लागतो, सोबत कुणी लागतं का, नंतर दुखतं का’ हे विचारलंत तर पोटभर उत्तरं मिळतील, कारण ते लोकांनी भोगलेलं असतं.

प्रश्न कसा लिहावा

नेहमी येणारा मेसेज असा असतो: ‘आईचं थायरॉइड वाढलंय, काय करू? अर्जंट.’ याला उत्तर देणारा अंदाजाने देतो, किंवा पाच उलट प्रश्न विचारतो आणि दिवस त्यातच जातो. शिवाय ‘थायरॉइड वाढलं’ म्हणजे टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारं संप्रेरक) वाढलं असं लोक बोलतात, आणि टीएसएच वाढतं तेव्हा बहुतेकदा ग्रंथीचं काम मंदावलेलं असतं. म्हणजे नेमकं उलटंच समजायची सोय.

तोच प्रश्न असा लिहिता येतो:

‘आईला (वय साठीच्या पुढे) बऱ्याच वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे. लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम चालू होतं, तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी ७५ केलं. तेव्हापासून झोप लागत नाही आणि छातीत धडधड होते. बीपीचीही गोळी चालू आहे. पुढची तपासणी गुरुवारी आहे. डोस वाढवल्यावर कुणाला असं झालं होतं का? डॉक्टरांना तेव्हा काय विचारलंत?’

यात काय काय आलं ते पाहा. रुग्ण कोण आणि लिहिणारं कोण. आजार किती जुना. औषधाचं नाव आणि डोस, आधीचा आणि आताचा. बदल कधी झाला, त्रास कधी सुरू झाला. आणखी कोणती औषधं चालू आहेत. डॉक्टर कधी भेटणार. आणि शेवटी असा प्रश्न, ज्याचं उत्तर अनुभव असलेला माणूस देऊ शकतो. ‘डोस परत कमी करू का?’ असं विचारलेलं नाही, कारण त्याचं उत्तर द्यायचा अधिकार ग्रुपला नाही.

एका मेसेजमध्ये एकाच त्रासाबद्दल विचारा. सहा प्रश्न एकत्र टाकले की लोक सोप्यात सोप्या प्रश्नाला उत्तर देऊन मोकळे होतात. ‘अर्जंट’, ‘प्लीज रिप्लाय’ यांनी उत्तर लवकर येत नाही. पहिल्या ओळीत औषधाचं नाव असेल तर येतं, कारण ते औषध घेतलेला माणूस तिथे थांबतो.

आणि कधी कधी प्रश्न नसतोच, नुसतं बोलायचं असतं. मग तसं लिहा: ‘सल्ला नको आहे, फक्त सांगायचंय.’ या ओळीने बरीच चिडचिड वाचते.

आकडे, नावं, रिपोर्ट

आकडा एककाशिवाय लिहू नये. रक्तातली साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्यातले १२६ म्हणजे दुसऱ्यातले ७. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचं तर आणखी घाबरवणारं असतं. एका पद्धतीतला १ हा आकडा दुसऱ्या पद्धतीत ८८ च्या आसपास जातो. परदेशातल्या कुणाचा रिपोर्ट वाचून माणसं उगीच रात्रभर जागलेली आहेत.

रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी त्या प्रयोगशाळेची मर्यादा छापलेली असते, तीही लिहा. ही मर्यादा बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे एखाद्या तपासणीत निरोगी माणसांतलाही वीसातला एक जण मर्यादेबाहेर असतो. ठळक अक्षरात छापलेला प्रत्येक आकडा आजार सांगतोच असं नाही, आणि ते कुणी ठरवायचं तर ज्याने रुग्ण पाहिलाय त्याने.

औषधाचं ब्रँडचं नाव न देता घटकाचं नाव द्या. गोळीच्या पाकिटावर ते बारीक अक्षरात असतं. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात, आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या देशांत वेगळी औषधं विकली गेल्याचीही उदाहरणं आहेत. घटकाची नावंही क्वचित दोन असतात: पॅरासिटामॉललाच अमेरिकेत असेटामिनोफेन म्हणतात, दम्यावरच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. हे माहीत नसलं की तेच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातं. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर जास्त मात्रा थेट यकृतावर जाते.

पूरक गोळ्या लोक लिहायला विसरतात, त्या विसरू नका. केसांसाठी म्हणून घेतात ते बायोटिन जास्त प्रमाणात असेल, तर रक्ताच्या काही तपासण्या चुकीचे आकडे दाखवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासण्या त्यांत येतात. अशा वेळी बिघाड ग्रंथीत नसून तपासणीत असू शकतो, आणि ग्रुपमधल्या अनुभवी माणसाच्या ते पटकन लक्षात येतं. पण गोळीचा उल्लेखच नसेल तर कुठून येणार?

काय झाकावं

रिपोर्टचा फोटो टाकायच्या आधी नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, फोन नंबर कापा. बारकोड आणि क्यूआर कोडही कापा; काही रिपोर्टांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो. वरून काळी रेघ मारण्यापेक्षा तो भाग कापून टाकलेला बरा, कारण अर्धपारदर्शक रेघेखालचं उजेड वाढवून वाचता येतं. सगळ्यांत सोपं म्हणजे फोटो न टाकता हवे तेवढे आकडे टाइप करणं.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नाही. लतान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवलं की पोस्टाचा पिन, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के लोकसंख्या एकेकटी वेगळी काढता येईल. तेव्हा ‘साठीच्या पुढे’ पुरतं; तारीख कशाला? गावाचं नाव, नोकरीचं ठिकाण, दुर्मीळ आजार आणि मुलाची इयत्ता हे चारही एका मेसेजात आलं, तर ओळखणारा ओळखतोच.

दुसऱ्याच्या आजाराबद्दल लिहिताना त्याला विचारलंय का? आईला, नवऱ्याला, मोठ्या झालेल्या मुलाला? लहान मूल असेल तर ते उद्या मोठं होऊन हे वाचेल असं धरून लिहा. आनुवंशिक आजारात तर तुम्ही स्वतःबद्दल लिहिता तेव्हा भावंडांबद्दलही काहीतरी लिहून जाता. ग्रुपमधलं कुणाचं काहीही स्क्रीनशॉट काढून बाहेर पाठवू नका, नाव झाकूनही नाही.

उत्तर देताना

आईबद्दलच्या त्या मेसेजला चांगलं उत्तर कसं असेल?

‘मला दोन वर्षांपूर्वी डोस वाढवल्यावर असंच झालं होतं, माझं वय तेव्हा चाळीस. डॉक्टरांना कळवल्यावर त्यांनी ईसीजी काढला आणि डोस बदलला, मग दोनेक आठवड्यांत धडधड थांबली. पण तुमच्या आईचं वय आणि बीपी बघता गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत न्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तेही त्यांना सांगा, मला त्या चार तासांच्या अंतराने घ्यायला सांगितल्या होत्या.’

आपलं वय, आपली वेळ, आपल्या डॉक्टरांनी काय केलं. फरक कुठे आहे तेही. सूचना आहेत त्या सगळ्या डॉक्टरकडे पाठवणाऱ्या आहेत. ‘डोस अर्धा करून बघा’ यात कुठेही नाही.

‘औषध सोडून द्या’ हे वाक्य कुणालाही, कधीही लिहू नये. कितीतरी औषधं एकदम थांबवणं हेच संकट असतं. दीर्घकाळ चाललेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकाएकी बंद केलं, तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक अपुरं पडून माणूस कोसळू शकतो. फिटची औषधं तोडली तर फिट उसळून येतात. हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या आणि नैराश्यावरच्या अनेक गोळ्या यांचंही तेच, त्या हळूहळूच उतरवाव्या लागतात. साइड इफेक्ट असह्य असेल, तर लिहिण्यासारखं वाक्य हे: ‘बंद करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, हळू उतरवायची पद्धत असते.’

‘नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार?’ या प्रश्नाला माझ्याकडे एक ठरलेलं उदाहरण आहे. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती. ती औषधं मोडणारी यकृतातली विकरं (एन्झाइम) वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळी, एचआयव्हीवरची काही औषधं आणि प्रत्यारोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम घटतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ग्रुपवर ती सुचवली गेली, तर सुचवणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. बसवलेलं मूत्रपिंड मात्र जाऊ शकतं.

मग ‘मला याने बरं वाटलं’ हे सांगायचंच नाही का? सांगा, पण एक लक्षात ठेवून. अर्धशिशी, एक्झिमा, काही संधिवात हे चढउतार होणारे आजार आहेत. माणूस नवा उपाय कधी करतो? त्रास कळसाला पोचलेला असतो तेव्हा. आणि कळसाला गेलेला त्रास बऱ्याचदा आपसूकही उतरतो. श्रेय त्या आठवड्यात जे घेतलं त्याला मिळतं. म्हणून किती दिवस घेतलं, सोबत दुसरं काय चालू होतं, बंद केल्यावर काय झालं, पुन्हा त्रास झाला का, हे लिहा. आणि जे करून उपयोग झाला नाही तेही लिहा. ते फार कमी लोक लिहितात, आणि त्याची गरज जास्त असते. तुम्ही ते उत्पादन विकत असाल, तर ते पहिल्याच ओळीत सांगा किंवा ग्रुपवर बोलूच नका.

धीर देण्याच्या नावाखाली काही वाक्यं दुखावून जातात. ‘हे तर काहीच नाही, माझं ऐका’, ‘पॉझिटिव्ह राहा, सगळं मनाचं असतं’, ‘आधीच तपासलं असतं तर’. शेवटचं तर कुणाच्याही उपयोगाचं नाही, कारण ‘आधी’ आता परत येणार नसतं.

जगण्याच्या शक्यतेचे आकडे कुणी विचारल्याशिवाय देऊ नका. आणि कुणी विचारलेच, तर त्या आकड्यांचा अर्थही सांगा. स्टीफन जे गूल्ड या शास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा कॅन्सर झाला. तेव्हाच्या माहितीप्रमाणे निदानानंतरच्या जगण्याचा मध्यक आठ महिने होता. मध्यक म्हणजे निम्मी माणसं त्याच्या अलीकडे आणि निम्मी पलीकडे, आणि ती पलीकडची निम्मी किती लांब जाऊ शकतात हे मध्यक सांगत नाही. गूल्ड आणखी वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कॅन्सरने गेले. हे ऐकून खोटी आशा लावायची नाही. पण ‘आठ महिने’ हा काही कुणाच्या नावावर लिहिलेला दिवस नसतो.

जड विषय

गर्भपात, मृत्यू, स्वतःला इजा करणं, छळ, असं काही लिहायचं असेल तर पहिल्या ओळीत विषय सांगा आणि मग दोन ओळी सोडून लिहा. ज्याला आज ते वाचणं झेपणार नाही तो पुढे जाईल. खाण्याच्या विकारांवरच्या गटात वजनाचे आणि कॅलरीचे आकडे लिहू नयेत. तिथे ते आकडे वाचणाऱ्याला स्पर्धेचे वाटतात. आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न सांगताना पद्धत, जागा, साधन लिहू नये. जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांनाही हेच सांगते.

कुणी ‘आता नको वाटतं सगळं’ असं लिहिलं, तर हात जोडल्याच्या चित्रावर भागवू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतायत का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारल्याने हलकं वाटतं. सोबत कोण आहे ते विचारा, त्यांच्या भागातल्या मदतवाहिनीचा नंबर द्या, ॲडमिनला लगेच कळवा, आणि धोका आत्ताचा वाटला तर त्यांच्या घरच्यांना किंवा आपत्कालीन सेवेला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका.

सदस्याच्या मृत्यूची बातमी घरच्यांनी दिल्यावर शेवटी काय झालं, कोणतं औषध चालू होतं हे विचारायचं नसतं. भीती सगळ्यांनाच वाटलेली असते. ती वेगळ्या मेसेजात, दुसऱ्या दिवशी बोला.

परत येऊन सांगा

प्रश्न विचारून उत्तरं मिळाली, की पुढे काय झालं ते दोन ओळींत लिहा. डॉक्टर काय म्हणाले, डोस बदलला का, त्रास गेला का. नंतर तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला अर्धवट चर्चा सापडते, ती तुमच्या दोन ओळींनी पुरी होते.

याहून मोठं कारण दुसरं आहे. बरे झालेले लोक ग्रुप सोडून जातात. त्यांना तिथे काम उरत नाही. लिहीत राहतात ते ज्यांचा आजार किचकट आहे ते. काल निदान झालेला माणूस आत येऊन वाचायला लागतो आणि त्याला वाटतं, या आजारात सगळ्यांचं असंच होतं. ग्रुप आजारापेक्षा जास्त अंधारा दिसतो. जाताना ‘मी आता ठीक आहे, म्हणून कमी येते’ एवढं लिहून गेलात तरी नव्या माणसाला बरंच कळतं. आणि वाचून वाचून तुमचीच काळजी वाढत असेल, तर काही दिवस म्यूट करा. कारण द्यायची गरज नाही.

अनुभवासोबत वर्ष लिहायला विसरू नका. हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, काहींना ४८ आठवडे. ताप, गळून जाणं, नैराश्य, आणि तरी अनेक जण बरे होत नसत. २०१३ नंतर विषाणूवर थेट काम करणाऱ्या, इंटरफेरॉनशिवाय चालणाऱ्या गोळ्या आल्या. बहुतेकांना ८ ते १२ आठवडे लागतात आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे होतात. २००९ मध्ये कुणीतरी लिहिलेला इंटरफेरॉनचा अनुभव पूर्ण खरा आहे. पण त्यावर वर्ष नसेल, तर आज निदान झालेला माणूस तो वाचून उपचारच नको म्हणेल. जुनं लिखाण पुसू नका; त्याच्या डोक्यावर साल टाका आणि आता उपचार बदलले आहेत अशी एक ओळ जोडा.